न ऐकलेल्या मैफलीचा हिशेब: एक संध्याकाळ दुकान बंद ठेवलं तर खरं नुकसान किती?



या आठवड्याचा व्हिडिओ बारा मिनिटांचा आहे आणि त्यात आकडेमोड पटपट झाली, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. म्हणून तीच गोष्ट इथे सावकाश लिहिते. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

विषय जरा वेगळा आहे. दर बॅचमध्ये पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एक प्रश्न विचारते: "धंद्यामुळे तुमचं काय राहून गेलं?" उत्तरं ठरलेली असतात. लग्नं, बारशी, गावची जत्रा, मुलांचं गॅदरिंग. पण एक उत्तर दर वेळी कुणीतरी हळू आवाजात देतं, म्हणजे जणू ते सांगण्यासारखं कारणच नाही: "मॅडम, एक कार्यक्रम होता गाण्याचा. जायचं होतं. राहिलं."

या उत्तरावर लोक हसतात. मी हसत नाही, कारण माझंही तेच उत्तर आहे.

तीन फेब्रुवारी

आमचं वसई पश्चिमेला इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. पप्पांनी १९९४ मध्ये सुरू केलं. बीबीए झाल्यावर मी त्यात शिरले आणि २०१३ पासून पूर्णवेळ गल्ल्यावर आहे. पप्पा भजनी मंडळात तबला वाजवायचे. दुकान बंद करून आले की जेवणाआधी पंधरा मिनिटं पाटावर बोटं चालायची. उस्ताद झाकीर हुसेन हा त्यांचा देव. कॅसेट होत्या, टीव्हीवरची 'वाह ताज'ची जाहिरात लागली की घरातल्या सगळ्यांनी गप्प बसायचं, असा नियम होता. पण समोर बसून त्यांनी झाकीरभाईंना एकदाही ऐकलं नव्हतं.

ऐकणं अशक्य होतं का? अजिबात नाही. झाकीरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० रोजी गेले. त्यानंतर दर वर्षी त्याच तारखेला मुंबईत षण्मुखानंद सभागृहात त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होऊ लागला. सकाळपासून रात्रीपर्यंत, देशोदेशीचे वादक, आणि झाकीरभाई स्वतः. तारीख ठरलेली, जागा ठरलेली. वसईहून दादरपर्यंत लोकल, पुढे टॅक्सी. म्हणजे शोधायचं काहीच नव्हतं. फक्त उठून जायचं होतं.

२०१४ ते २०२० या सात वर्षांतली माझी कारणं ऐका. एका वर्षी महिन्याचा पहिला आठवडा, लोकांचे पगार झालेले, गिऱ्हाईक जास्त. एका वर्षी वायरच्या बंडलांचा माल येणार होता. एका वर्षी दुकानातला मुलगा गावी गेला होता. एका वर्षी नोटाबंदीनंतर धंदा नुकताच सावरत होता. एका वर्षी जीएसटीचं काम साचलं होतं. बाकी दोन वर्षांची कारणं मला आता आठवतही नाहीत. हे वाक्य परत वाचा. ज्या कारणासाठी मी गेले नाही, ते कारणच मला आठवत नाही. कार्यक्रम मात्र आठवतो, आणि तो मी पाहिलेलासुद्धा नाही!

दर वर्षी पप्पा म्हणायचे, "जाऊ गं पुढच्या वर्षी. तो कुठे पळून जातोय?"

मग करोना आला. जानेवारी २०२३ मध्ये 'शक्ती' हा त्यांचा जुना संच पन्नास वर्षांच्या निमित्ताने भारतात आला, मुंबईतही वाजवून गेला. तेव्हा माझं रिटर्न भरायचं राहिलं होतं. १६ डिसेंबर २०२४ च्या सकाळी शटर वर करताना मोबाईलवर बातमी पाहिली. झाकीरभाई सॅन फ्रान्सिस्कोला गेले. वय ७३. पप्पा स्टुलावर बसले होते. त्यांना मी मोठ्याने वाचून दाखवलं, कारण तोवर त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. ते एवढंच म्हणाले, "अरे." आणि उठून अगरबत्ती लावायला गेले.

त्या दिवशी मी दुकान चालवलं. रात्री मात्र वही काढली आणि हिशेब मांडला. तोच आज शिकायचा आहे.

न केलेल्या गोष्टी जास्त का टोचतात?

आधी थोडी थिअरी. अमेरिकेतल्या थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये पश्चात्तापावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं सार असं: जवळच्या काळात माणसाला केलेली चूक जास्त लागते. चुकीचा माल भरला, नको त्याला उधारी दिली, तर आठवडाभर झोप लागत नाही. पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना जास्त टोचतात त्या न केलेल्या गोष्टी.

कारणही समजण्यासारखं आहे. केलेली चूक आपण निस्तरतो. माल परत करतो, सेलमध्ये काढतो, धडा घेतो, खातं बंद होतं. न केलेल्या गोष्टीचं खातं उघडंच राहतं. ती कशी झाली असती, याची कल्पना दर वर्षी वाढत जाते. आणि न करण्यामागचं कारण त्या वेळी मोठं वाटतं, नंतर बारीक होत जातं. माझ्या सात कारणांचं तेच झालं.

धंदेवाल्यांसाठी यात एक सापळा आहे. आपली वही फक्त केलेल्या गोष्टी लिहिते. विक्री, खरेदी, भाडं, पगार, लाईट बिल. न केलेल्या गोष्टीला वहीत रकानाच नाही. म्हणून ती फुकट वाटते.

मैफल म्हणजे सगळ्यात नाशवंत माल

आपण नाशवंत माल म्हटलं की भाजी, फुलं, मासे आठवतात. वसईतल्या भाजीवाल्यांना विचारा, संध्याकाळी उरलेल्या पालेभाजीचं दुःख ते सांगतील. पण ती भाजी निदान स्वस्तात तरी जाते. कार्यक्रमातली रिकामी खुर्ची मात्र पडदा उघडला की त्याच क्षणी शून्य होते. उद्या ती स्वस्तात विकता येत नाही.

हे आयोजकाच्या बाजूने. ऐकणाऱ्याच्या बाजूनेही तेच आहे. एलईडी बल्ब आज नाही घेतला, उद्या घ्या, तोच बल्ब मिळेल. कलाकाराची आजची बैठक उद्या मिळत नाही. तोच राग, तेच गाव, तोच माणूस, तरी दुसऱ्या दिवशी दुसरं वाजतं. आणि माणूसच नसला तर काहीच नाही. मायकल जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात येऊन गेला. तो त्याचा भारतातला एकमेव कार्यक्रम ठरला. पुढे २००९ मध्ये लंडनला त्याचे ५० कार्यक्रम जाहीर झाले, तिकिटं विकली गेली, आणि पहिल्या कार्यक्रमाआधीच, २५ जून २००९ ला, तो गेला. आयोजकांनी लोकांना दोन पर्याय दिले: पैसे परत घ्या, किंवा आठवण म्हणून छापील तिकीट घ्या. काही लोकांनी पैसे सोडून तिकीट घेतलं. न झालेल्या कार्यक्रमाचं तिकीट! माणसं राहून गेलेल्या गोष्टीची किती किंमत मोजायला तयार होतात, ते यातून दिसतं.

आपल्याकडेही पं. भीमसेन जोशी २०११ मध्ये गेले, किशोरीताई आमोणकर २०१७ मध्ये. "एकदा समोर बसून ऐकायचं होतं" असं म्हणणारा माणूस तुमच्या बिल्डिंगमध्येसुद्धा सापडेल. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो आहे. वसई-विरारहून एकदाही न गेलेल्या, पण दर डिसेंबरला "या वर्षी जाऊ" म्हणणाऱ्या लोकांची तर मोठी रांग लागेल.

खरं नुकसान कसं काढायचं?

आता वही उघडा. "दुकान बंद ठेवलं तर नुकसान होईल" हे आपण सगळे म्हणतो. किती होईल, हे कुणी काढत नाही. मी माझे आकडे देते, तुम्ही तुमचे टाका.

पायरी १. बंद वेळेतली विक्री काढा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझा दिवसाचा गल्ला साधारण ₹२०,०००. दुपारी तीनला बंद केलं तर त्यातली ₹१२,००० ची विक्री जाते. इथेच बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात, "बारा हजार बुडाले!" चूक. हा आकडा नुकसानीचा नाही.

पायरी २. विक्रीतून मार्जिन काढा. ₹१२,००० चा माल विकला गेला नाही, म्हणजे तो माल दुकानातच आहे. बुडालं ते मार्जिन. माझ्या सगळ्या मालाचं सरासरी मार्जिन विक्रीच्या १८ टक्के धरते. वायरला कमी, फिटिंगला जास्त, सरासरी १८. म्हणजे ₹२,१६०.

पायरी ३. परत येणारं गिऱ्हाईक वजा करा. ज्याला ट्यूबलाईट हवी होती त्यातला एक जण दुसरीकडे जातो, एक जण दुसऱ्या दिवशी येतो. आमचे वायरमन आणि कॉन्ट्रॅक्टर तर खात्यावर माल नेतात, ते येतातच. हे अंदाजाने धरू नका, मोजा. दुकान कुठल्याही कारणाने बंद राहिलं, की पुढच्या दोन दिवसांची विक्री नेहमीच्या त्याच वारांच्या सरासरीशी ताडून पाहा. जास्तीची जी दिसेल ती परत आलेली विक्री. माझ्याकडे साधारण निम्मी परत येते. म्हणजे खरं नुकसान ₹१,०८०.

पायरी ४. जे खर्च तसेही होणार होते ते धरू नका. दुकानाचं भाडं, मुलाचा पगार, लाईट मीटरचा स्थिर आकार हे दुकान उघडं असलं तरी जातात, बंद असलं तरी जातात. "भाडं फुकट गेलं" म्हणत ते नुकसानीत घातलं, तर आकडा खोटा फुगतो.

झाला हिशेब. एक हजार ऐंशी रुपये.

सात वर्षं मी मनात ₹१२,००० चा आकडा धरून बसले होते. खरा आकडा त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी होता. आणि सातही वर्षं जायची गरज नव्हती. एकदा गेलो असतो तरी पुरलं असतं. एका वर्षीचे ₹१,०८०, अधिक दोघांचं जाणं-येणं.

एवढ्या पैशांत आमच्या दुकानात एक बऱ्यापैकी सीलिंग फॅनसुद्धा येत नाही.

हिशेब कधीकधी "जाऊ नका" असंही सांगतो

हे वाचून उद्याच शटर पाडू नका. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चालतो.

धनत्रयोदशीची संध्याकाळ घ्या. तोरणं, लायटिंग, दिव्यांच्या माळा. समजा, त्या संध्याकाळी ₹६०,००० ची विक्री होते. १८ टक्क्यांनी मार्जिन ₹१०,८००. परत येणारं गिऱ्हाईक? शून्य. दिवाळी झाल्यावर तोरण कोण घेतं? शिवाय उरलेला माल वर्षभर माळ्यावर. म्हणजे त्या दिवशी बंदचं खरं नुकसान दहा हजारांच्या वर. तिथे मी म्हणेन, कार्यक्रम कितीही चांगला असो, दुकानात बसा.

तसंच घरगुती डब्याचा धंदा. आमच्या बॅचमधली नालासोपाऱ्याची एक ताई डबे करते. तिचं गिऱ्हाईक एक दिवस उपाशी राहू शकत नाही. पण तिने मार्ग काढला. आठ दिवस आधी सगळ्यांना मेसेज केला, आणि महिन्याचा हिशेब एक दिवस पुढे वाढवून दिला. कुणीही डबा बंद केला नाही. तिला वाटत होतं की सगळे नाराज होतील. दोघांनी उलट विचारलं, "ताई, कुठे जाताय? मजा करा."

खंत विकणाऱ्यांपासून सावध

आता दुसरी बाजू. सप्टेंबर २०२४ आठवतोय? कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी ऑनलाईन रांग लागली होती. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ असे तीन कार्यक्रम झाले. तिकिटं ₹२,५०० पासून ₹३५,००० पर्यंत होती आणि काळ्या बाजारात त्याच्या कित्येक पट बोली लागली होती.

आमच्या बॅचमधल्या एका मुलाचं मोबाईल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. त्याने माल भरायला ठेवलेले ₹१८,००० काढले आणि कुणाकडून तरी जादा भावाने तिकीट घेतलं. गेला, पाहून आला. पण पंधरा दिवस दुकानात चालणाऱ्या मॉडेलची कव्हरं नव्हती, चार्जर नव्हते. त्याने मला स्वतःच सांगितलं, "मॅडम, त्यांची दोनच गाणी मला आधी माहीत होती. सगळे जातायत म्हणून मला राहवलं नाही."

ही खंत वेगळी. ही आपली नाही, दुसऱ्याच्या स्टेटसवरून आलेली आहे. दोन्हींतला फरक ओळखायला मी तीन प्रश्न देते.

एक, जाहिरात दिसायच्या आधी मला हे ऐकायचं होतं का? पप्पांना झाकीरभाई तीस वर्षं ऐकायचे होते. त्या मुलाला कोल्डप्ले पंधरा दिवसांपासून.

दोन, कुणाला न सांगता, एकही फोटो न काढता गेले, तरी मला जायचं आहे का?

तीन, पैसे नफ्यातून जातायत की भांडवलातून? नफ्यातून गेले तर तो आपला घरखर्च, आपला आनंद. भांडवलातून गेले तर तुम्ही पुढच्या महिन्याचा माल विकून तिकीट घेतलंत. हे कधीही करायचं नाही, मग कलाकार कुणीही असो.

तिन्ही उत्तरं बरोबर आली तर जा. एक जरी अडलं तर घरी बसून ऐका. कोल्डप्लेचा २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम मोबाईलवर थेट दाखवला होताच.

कारण की निमित्त?

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. हिशेब मांडल्यावर मला कळलं की पैसा हे माझं कारण नव्हतंच. मग खरं कारण काय होतं? दुकान माझ्याशिवाय चालत नव्हतं. आणि स्पष्टच सांगायचं तर, ते माझ्याशिवाय चालत नाही याचा मला थोडा अभिमान होता.

आमच्या मुलाला दर सोमवारी सुट्टी. मला? सात वर्षांत मी एकही संध्याकाळ स्वतःहून घेतली नाही. कुठल्या स्विचला कुठला भाव, हे माझ्या डोक्यात. कुणाची उधारी किती, माझ्या डोक्यात. सप्लायरचा फोन माझ्याकडे. गल्ल्याची किल्ली माझ्या पर्समध्ये. अशा दुकानाला धंदा म्हणत नाहीत, नोकरी म्हणतात. तीही बिनसुट्टीची.

म्हणून २०२५ मध्ये मी टप्प्याटप्प्याने बदल केले. तुम्हीही असेच करा.

टप्पा १: दोन तास. जास्त चालणाऱ्या ५० वस्तूंची भावाची यादी छापून काउंटरच्या आत चिकटवा. सूट जास्तीत जास्त किती द्यायची तेही त्यावर लिहा. यूपीआयचा क्यूआर समोर, पैसे आल्याचा आवाज देणारा स्पीकर चालू. मग दोन तास बाहेर जा. फोन आला तरच उचला, आपण होऊन करू नका. परत आल्यावर मुलाने कुठले प्रश्न विचारले ते लिहा. त्या प्रश्नांची उत्तरं यादीत घाला.

टप्पा २: अर्धा दिवस. उधारीची वही स्वच्छ करा. प्रत्येक खात्यासमोर मर्यादा लिहा. "मॅडम नाहीत, उधार उद्या" एवढं एक वाक्य मुलाला शिकवा. सकाळी सुट्टे पैसे मोजून द्या, रात्री मोजून घ्या.

टप्पा ३: शटर बंद. आठ दिवस आधी पाटी लावा. किती वाजता बंद आणि पुन्हा किती वाजता उघडणार, दोन्ही लिहा. नुसतं "आज बंद" लिहिलं की गिऱ्हाईक दोन दिवस फिरकत नाही. खात्यावरच्या लोकांना वेगळा मेसेज करा: "शनिवारी दुपारनंतर बंद, माल आधी न्या." यातली बरीच विक्री त्या दिवशी सकाळीच होऊन जाते. म्हणजे पायरी ३ मधलं नुकसान आणखी कमी. एमसीबी उडाला, पंप बंद पडला असं तातडीचं काम असेल तर ओळखीच्या दुसऱ्या दुकानदाराचा नंबर द्या. हो, स्पर्धकाचा! तोही त्याच्या सुट्टीला तुमचा देईल.

आम्ही गेलो

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर एका शनिवारी बोरिवलीला एका तरुण वादकाचा एकल तबला होता. मी तिकिटं आधीच काढली आणि पप्पांना मागाहून सांगितलं. ते म्हणाले, "शनिवारी? अगं शनिवारी गर्दी असते." मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून ₹१,०८० चा आकडा दोनदा पाहिला. मग म्हणाले, "मार्जिन अठरा धरलंयस? वायरला एवढं कुठे सुटतं?" मी म्हटलं, "सरासरी आहे पप्पा." "बरं," म्हणाले, आणि शर्ट इस्त्रीला टाकला.

तीनला शटर पाडलं. विरार गाड्यांना चढताना गर्दी असते, म्हणून मुद्दाम आधीची लोकल पकडली. हॉलमध्ये मधल्या रांगेत बसलो. पप्पांनी कानाचं मशीन लावलं होतं. वय झालं की आधी बारीक, टोकदार आवाज जातात, जाड आवाज शेवटपर्यंत टिकतात. कार्यक्रम सुरू झाला. पप्पांचा उजवा हात मांडीवर ताल धरत होता. थोड्या वेळाने ते माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "डग्गा छान येतोय. घुमारा सगळा येतोय. चाट नाही येत."

तबल्याच्या काठावर बोट पडतं, ती चाट. 'ना' तिथून निघतो. अर्धा तबला त्यांना ऐकू येत होता.

मी मनात वजाबाकी केली. २०१४ मध्ये त्यांचे कान ठणठणीत होते. ₹१,०८० च्या हिशेबात मी एक गोष्ट धरलीच नव्हती: कलाकार एक दिवस जातो, तसे ऐकणाऱ्याचे कानही जातात. थांबायला दोघांनाही वेळ नसतो. थांबतं ते फक्त दुकान.

येताना गाडीत ते खिडकीपाशी बसले होते. नायगावची खाडी आली तेव्हा म्हणाले, "पुढच्या वेळी पुढची रांग घे. तिथे थोडी येईल चाट." सोमवारी रात्री मी दोन दिवसांची विक्री ताडून पाहिली. निम्म्याहून थोडी जास्तच परत आली होती.

गृहपाठ

१. वरच्या चार पायऱ्या वापरून तुमच्या दुकानाची एक साधी संध्याकाळ आणि एक सणाची संध्याकाळ, दोन्हींचं खरं नुकसान काढा. फक्त दोन आकडे हवेत.

२. समोर बसून ऐकायचं आहे असं एक नाव लिहा. गायक, वादक, कीर्तनकार, शाहीर, कुणीही. तीन प्रश्नांची चाळणी लावा.

३. त्या नावाखाली दुसरं नाव लिहा: ज्याला सोबत न्यायचं आहे त्याचं. हे नाव जास्त महत्त्वाचं आहे.

४. कालनिर्णय काढा, माल भरायच्या आणि रिटर्नच्या तारखा सोडून एक तारीख आजच गोल करा. दुकानात दिसेल अशी लावा, म्हणजे मुलालाही माहीत राहील.

पुढच्या आठवड्यात उधारीची मर्यादा कशी ठरवायची ते पाहू. तोवर तारीख गोल केलेली असू दे. मी आमची पुढची तारीख गोल केली आहे, आणि या वेळी तिकिटं पहिल्या रांगेतली आहेत.